चिमूटभर गेरू

भट्टीत जाण्याआधी कोबाल्ट निळा नसतो.
करडा असतो, भिजलेल्या राखेसारखा,
आणि देओलिंदा त्या करड्यानेच
गलबतं काढायची, द्राक्षांचे वेल, गुबगुबीत देवदूत,
जणू पुढचं सगळं निळं तिला आधीच दिसतंय.
नऊशे ऐंशी अंशांवर रात्रभर.
सकाळी दार उघडलं की समुद्र.

आमच्या ओवार गावात घरं अंगभर फरशा लेवून उभी असतात.
खारा वारा एखादी सैल करतो,
उरलेल्या चोर सैल करतात,
मग निरोप येतो:
पाद्रीच्या गल्लीतल्या भिंतीचे अकरा दात पडलेत.
काम दात बसवण्याचंच.
भिंत हसली तरी नवा दात ओळखू येता कामा नये.

पहिली तीन वर्षं मी नुसतं दळलं.
मग तिने तराजू हातात दिला, आणि एक वाक्य:
‘निळ्याकडे बघू नकोस, सेफेरिनु,
त्याच्या शेजाऱ्याकडे बघ.
रंग कधी एकटा राहत नाही.’

मार्च महिन्यात तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
डॉक्टर म्हणाले, भिंग चहासारखं झालं होतं,
कोऱ्या चहासारखं.
पट्टी सुटल्यावर घरी येताना
कुणाच्या तरी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीपाशी ती थांबली.
हा डोळा मिटला. तो मिटला.
पुन्हा हा.
‘इकडून दूध,’ ती म्हणाली, ‘तिकडून लोणी.’
आणि हसली. मीही हसलो.

मग पाद्रीची गल्ली.

तिथे ती हसली नाही.
त्या अकरा फरशा भिंतीत अशा उभ्या होत्या
जशी शाळेच्या पहिल्या दिवशी कडक इस्त्रीतली मुलं.
तिने निळ्यावरून बोट फिरवलं. निळा बरोबर होता.
ग्रॅमच्या दशांशापर्यंत बरोबर.
चूक पांढऱ्यात होती.
जुना पांढरा सायीसारखा, किंचित उबदार,
आमचा बर्फासारखा.
चहातून पाहिलं की साय काय, बर्फ काय,
दोन्ही एकाच रंगाचे.
आणि बर्फाशेजारी राहून
बिचारा निळा उगाच ओरडत होता.

‘किती वर्षं?’ तिने विचारलं,
बहुधा भिंतीला.
मी मनात मोजत होतो:
चर्चचा जिना, दवाखान्याचा दर्शनी भाग, स्टेशनजवळची बेकरी.
सात.

खरं सांगायचं तर मला दिसत होतं.
पहिल्याच फरशीपासून दिसत होतं.
माझे डोळे तेव्हा पंचवीस वर्षांचे, घासूनपुसून लख्ख,
पण मला वाटलं
ती माझ्यापुढचं काहीतरी बघत असेल,
पन्नास वर्षांनंतरची भिंत, धूर, ऊन, शेवाळ,
मला न उमगणारं गणित.
आदर हेही एक भिंगच. तेही पिवळं पडतं.

हे मी तिला सांगितलं
तेव्हा ती बराच वेळ छिन्नी पुसत राहिली.
रागावली असती तर बरं झालं असतं.

घरमालकीण दोन्या लिबानिया खिडकीतून म्हणाल्या,
‘काढू नका हो त्या. संध्याकाळी उजेड गेला
की तेवढाच तुकडा चमकतो,
किल्लीचं भोक सापडतं मला.’
म्हणून त्या अकरा तिथेच आहेत.

बेकरीच्या मात्र बदलतो आहोत.
कथलाच्या पांढऱ्या राबडीत देओलिंदाने काल
चिमूटभर गेरू टाकला,
मग त्यातला निम्मा परत काढता येईल का
अशा नजरेने भांड्याकडे बघत राहिली.
डावा डोळा अजून चहातच आहे, जूनमध्ये निघेल.
तिने हाताने तो झाकला,
भांडं माझ्याकडे सरकवलं,
आणि इतक्या वर्षांत प्रथमच विचारलं:
‘तुला कसा दिसतोय?’

मी वाकून पाहिलं.
कच्ची राबडी. गढूळ, गुलाबीसर,
काहीही न सांगणारी.
‘अजून दिसत नाही,’ मी म्हणालो.
‘मलाही,’ ती म्हणाली,
आणि आम्ही भट्टी पेटवली.